पुण्यात घरच्या इंटरनेटवर सरकारी सवलत: काय मिळतं, काय मिळत नाही आणि खर्च कसा कमी करायचा

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दहावीचा निकाल लागला की पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, वायफायचं बिल सरकार भरतं म्हणे. फॉर्म कुठे मिळतो?" कुणी व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवतं, कुणी यूट्यूबवरचा व्हिडिओ.

या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कुणाची फेरी फुकट जाणार नाही. कमी उत्पन्नाच्या शहरी कुटुंबाचं घरच्या इंटरनेटचं मासिक बिल कमी करून देणारी केंद्राची किंवा राज्याची योजना पुण्यात नाही. रेशन कार्ड पिवळं असो वा केशरी, ते दाखवून बिलात सूट मिळत नाही. मात्र काही ठरावीक मार्गांनी सरकारचा पैसा किंवा सरकारचा नियम आपल्या उपयोगी पडतो. ते मार्ग या लेखात एकेक करून सांगतो.

आधी गैरसमज आणि फसवणूक

ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाची योजना होती. पात्र कुटुंबाला इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट मिळायची आणि दोन कोटींहून जास्त कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. निधी संपत आला म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये नवे अर्ज थांबले आणि १ जून २०२४ला योजनाच बंद झाली. 'लाइफलाइन' ही तिथली जुनी योजना महिन्याला ९.२५ डॉलरची सूट अजून देते. हे सगळं तिथल्या रहिवाशांसाठी आहे. त्याचं मराठी भाषांतर करून, वर तिरंगा लावून कुणी 'प्रधानमंत्री मोफत इंटरनेट योजना' म्हणून पुढे ढकललं, तर त्याखालच्या लिंकला हात लावू नका.

मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका आजोबांनी अशाच लिंकवर आधार क्रमांक टाकला. पाठोपाठ आलेला ओटीपीही सांगितला आणि खात्यातले चार हजार गेले. पेन्शन जमा होऊन दोनच दिवस झाले होते. असं काही झालं तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. पैसे गेले नसतील पण मेसेज आला असेल, तर 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' विभागात त्याची नोंद करा. दोनशे-पाचशे घेऊन 'फॉर्म भरून देतो' म्हणणारा वस्तीत आला तर त्यालाही सरळ नाही म्हणा. जी योजना नाही तिचा फॉर्मही नसतो.

पहिली पायरी: आता नेटवर किती जातं ते कागदावर मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढची गणितं नेमकी तिथेच चुकतात.

एका ताईंबरोबर हा हिशोब मांडला होता, तो सांगतो. ताई चार घरची धुणीभांडी करतात. घरात तीन फोन आहेत: त्यांचा, नवऱ्याचा आणि अकरावीतल्या मुलाचा. "महिन्याला नऊशेच्या आसपास जातात," त्या म्हणाल्या. मी विचारलं, रिचार्ज महिन्याच्या कोणत्या तारखेला मारता? त्या थांबल्या. तारीख दर वेळी बदलत होती, कारण पॅक २८ दिवसांचा होता. वर्षात महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा. २९९ रुपयांचा पॅक धरला तर तीन फोनांचे वर्षाला ११,६६१ रुपये होतात. ताईंनी तो आकडा वहीत लिहून त्याच्याभोवती पेनने दोनदा गोल काढला.

प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे, असा 'ट्राय'चा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, २०२२पासूनचा नियम आहे. दुकानदार तो स्वतःहून सांगत नाही, विचारावा लागतो. शिवाय डिसेंबर २०२४मध्ये 'ट्राय'ने फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणंही बंधनकारक केलं. घरी वायफाय घ्यायचं असेल तर हा नियम फार महत्त्वाचा आहे, कारण घरातच राहणाऱ्या फोनला वेगळा डेटा लागत नाही.

आता घरच्या कनेक्शनचा हिशोब. समजा प्लॅन महिना ४४९ रुपयांचा आहे. घरच्या ब्रॉडबँडचे जाहिरातीतले दर बहुधा जीएसटी सोडून असतात, आणि जीएसटी आहे १८ टक्के. म्हणजे हातात येणारं बिल ५२९ रुपये ८२ पैशांचं, वर्षाचे साधारण ६,३५८ रुपये. तिन्ही फोनांवर ८४ दिवसांचा सुमारे ४५० रुपयांचा कॉलचा पॅक टाकला, तर त्याचे वर्षाला साधारण ५,८६६ रुपये. एकूण १२,२२४. आधीपेक्षा साडेपाचशे रुपये जास्तच.

म्हणून ताईंना मी स्पष्ट सांगितलं की तीन फोनांच्या घरात वायफाय घेऊन पैसे वाचत नाहीत. खर्च जवळपास तेवढाच राहतो, पण दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा जाते आणि मुलाचा क्लास मधेच तुटत नाही. घरात चार फोन असतील तर जुन्या पद्धतीने १५,५४८ आणि नव्या पद्धतीने सुमारे १४,१७९, म्हणजे तिथे खरी बचत सुरू होते. नवरा दिवसभर रिक्षा चालवत असेल किंवा डिलिव्हरीचं काम करत असेल तर त्याच्या फोनचा डेटा काढू नका, त्याची रोजीरोटी त्यावर आहे. दोनच फोन असतील तर कनेक्शनच्या भानगडीत न पडता पाचव्या पायरीत सांगितलेला पीएम-वाणीचा, म्हणजे दुकानातल्या वायफायवरून सुटं नेट घेण्याचा, मार्ग बघा.

दुसरी पायरी: कागद जमवा

नव्या कनेक्शनला ओळख आणि पत्ता लागतो. आधार बहुतेक ठिकाणी चालतं. आधारवर गावचा पत्ता असेल तर महावितरणचं बिल किंवा भाडेकरार द्या. वस्तीतल्या घराचा फोटोपास असेल तर त्याची झेरॉक्सही जवळ ठेवा.

उत्पन्नाचा दाखला कनेक्शनसाठी लागत नाही, पण मुलांच्या योजनांसाठी तो काढून ठेवा. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. आपला भाग पुणे शहर तहसीलमध्ये येतो की हवेलीत, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या तहसीलला गेलेला अर्ज परत येतो आणि दिवस वाया जातात. लोकसेवा हक्क कायद्याखाली हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. केंद्रात सेवाशुल्काचा फलक लावलेला असतो, त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा.

तिसरी पायरी: घरात अकरावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर

राज्य सरकारच्या पैशातून थेट इंटरनेट डेटा मिळवून देणारी जी योजना मी मुलांना खरोखर मिळवून दिली आहे, ती 'महाज्योती'ची. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था ही नागपूरची सरकारी संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्याबरोबर टॅब्लेट आणि रोजचा डेटा मोफत असतो. आजवरच्या जाहिरातींत दिवसाला ६ जीबी डेटा दिलेला आहे. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी, नॉन-क्रीमी लेयर गटातला आणि दहावीनंतर अकरावी विज्ञानला प्रवेश घेतलेला असावा लागतो. गुणांची अट आणि मुदत त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.

बहुतेकांचा अर्ज अडतो तो नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रावर. त्यासाठी आधी जातीचा दाखला लागतो आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावाही. वर्षाला ८ लाखांच्या आतली मर्यादा आपल्या वस्तीतलं जवळपास प्रत्येक घर सहज पाळतं, पण प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो. म्हणून दहावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्येच अर्ज टाका. निकालानंतर सगळं पुणे त्याच रांगेत उभं असतं. गेल्या वर्षी आमच्या दोन मुलींची मुदत चार दिवसांनी हुकली, ते अजून मनाला लागून आहे.

अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, या तिन्हींची मुख्यालयं पुण्यातच आहेत. त्यांच्या योजना दर वर्षी बदलतात. फोनवर नीट उत्तर मिळत नाही, तेव्हा स्वतः जाऊन सूचनाफलक बघा आणि विद्यार्थ्यांसाठी टॅब किंवा डेटाची काही योजना चालू आहे का ते विचारा.

चौथी पायरी: बीएसएनएलला विचारूनच पुढे जा

सरकारी कंपनी म्हणून बीएसएनएल गरिबांना वेगळा दर लावते असं नाही. तरी दोन कारणांसाठी तिथे आधी विचारा. घरात केंद्र किंवा राज्य सरकारचं कुणी नोकरीला असेल किंवा निवृत्त झालं असेल, मग ते शिपाई का असेना, तर मासिक शुल्कात सवलत मिळते. त्यासाठी ओळखपत्र किंवा पेन्शनचा कागद लागतो आणि कनेक्शन त्याच व्यक्तीच्या नावावर घ्यावं लागतं. दुसरं कारण असं की कमी वेगाचे, कमी दराचे सुरुवातीचे प्लॅन तिथे असतात, आणि चार जणांच्या घराला २० ते ३० एमबीपीएसचा वेग पुरतो. विक्रेता १०० एमबीपीएसचा आग्रह धरेल. दोन मुलं क्लास बघतायत आणि आजी मालिका बघतेय, एवढ्याला त्याची गरज नाही.

खासगी कंपन्यांचे दर तपासायला tariff.trai.gov.in हे 'ट्राय'चं संकेतस्थळ आहे. कंपन्यांना आपले दर 'ट्राय'ला कळवावेच लागतात, त्यामुळे दारावर आलेल्या मुलाने सांगितलेला 'खास दर' खरा आहे का ते तिथे पडताळता येतं. वस्तीतल्या केबलवाल्याचं नेटही बघा. बिघाड झाला की तो संध्याकाळपर्यंत येऊन जातो, हा त्याचा मोठा गुण. फक्त त्याच्याकडून छापील किंवा मेसेजवरची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाचवी पायरी: पीएम-वाणी, म्हणजे सुटं नेट

या मार्गाबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती आहे, आणि वस्तीला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होऊ शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२०ला पीएम-वाणीला मंजुरी दिली. कल्पना जुन्या एसटीडी-पीसीओसारखीच आहे. तेव्हा घरी फोन नसला तरी कोपऱ्यावरच्या पिवळ्या फलकाखालून रुपया टाकून बोलता यायचं. आता किराणावाला, चहावाला किंवा बचत गट आपल्या जागेत वायफाय बसवतो आणि सुटं नेट विकतो. अशा दुकानाला 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणतात. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. त्याच्या मागे एक 'ॲग्रिगेटर' कंपनी असते. ती सॉफ्टवेअर, ग्राहकांची ओळख आणि पैशांचा हिशोब सांभाळते.

ग्राहक म्हणून वापरायचं असेल तर पीएम-वाणीचं कुठलंही मान्यताप्राप्त ॲप घ्या. यादी pmwani.gov.in वर आहे. एकदा मोबाइल क्रमांकाने ओळख पटवा आणि जवळचे हॉटस्पॉट बघा. एका दिवसाची, आठवड्याची, महिन्याची कूपन असतात. ज्याला फक्त परीक्षेच्या महिन्यात नेट हवं आहे त्याने वर्षभराचं बिल डोक्यावर का घ्यावं?

तुमच्या गल्लीत असा हॉटस्पॉट नसेल तर तो तुम्हीच सुरू करू शकता. आधी संकेतस्थळावरच्या यादीतून ॲग्रिगेटर निवडा आणि चार गोष्टी लेखी विचारा: उत्पन्नातला त्याचा वाटा किती, वायफायचं यंत्र कुणाच्या मालकीचं, ते बिघडलं तर कोण बघणार, आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येणार. मग ब्रॉडबँड कनेक्शन घ्या आणि ते पब्लिक डेटा ऑफिससाठी हवं आहे हे अर्जातच लिहा. पूर्वी कंपन्या अशा दुकानांना महागडी लीज्ड लाइन, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली लाइन, घ्यायला लावायच्या, म्हणून योजना रखडली. जून २०२५मध्ये 'ट्राय'ने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन या दुकानांनाही द्यावेत आणि घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारू नये. कंपनीचा माणूस नाही म्हणाला तर या आदेशाची छापील प्रत त्याच्यापुढे ठेवा.

आकडे मांडून बघू. घरगुती दर ६०० असेल तर दुकानाला जास्तीत जास्त १,२०० आणि जीएसटी धरून १,४१६ रुपये पडतात. ३० घरांनी महिन्याला ६० रुपये दिले तर १,८०० जमतात. उरलेल्या ३८४ रुपयांतून ॲग्रिगेटरचा वाटा आणि वीज जाणार. दुकानदाराला यात फार सुटत नाही, हे मान्य करून चालायला हवं. म्हणून हे काम एकट्या दुकानदारापेक्षा बचत गटाने किंवा मंडळाने घ्यावं असं मला वाटतं. मंडळाच्या खोलीत वीज असते, जागा असते, मुलं संध्याकाळी तिथेच बसतात. आणि त्या ६० रुपयांत एका घराचं महिन्याचं नेट होतं, हा हिशोब मंडळाला पटायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. घरचं कनेक्शन घेऊन त्याचा पासवर्ड चार घरांना पैसे घेऊन वाटणं कंपनीच्या अटींत बसत नाही. शिवाय त्या लाइनवरून कुणी काही गैर केलं तर पोलिस आधी येतात ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे. पीएम-वाणीत प्रत्येक ग्राहकाची वेगळी नोंद राहते, म्हणून तो रस्ता सुरक्षित आहे.

पुणे स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय रोज अर्धा तास मोफत मिळतं. एखादा ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर तेवढा वेळ पुरतो.

सहावी पायरी: वायर ओढायच्या दिवशी

पैसे देण्याआधी जीएसटीसह अंतिम रक्कम, राउटरची अनामत परत मिळणारी आहे की नाही, जोडणीचा खर्च, आणि मुदतीआधी बंद केल्यास काय कापणार हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी नको. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर दर कमी पडतो, पण भाड्याच्या घरात राहत असाल तर पहिली तिमाही मासिकच ठेवा. नव्या खोलीत वायर पोहोचेलच असं नाही.

कनेक्शन बंद करतानाची चूक मी स्वतः केली आहे. फोनवर 'बंद करा' सांगितलं, राउटर न्यायला कुणी आलं नाही, आणि तीन महिन्यांनी थकबाकीचा मेसेज आला. तेव्हापासून मी बंद करण्याची विनंती ईमेलने पाठवतो आणि राउटर परत दिल्याची पावती फोटो काढून ठेवतो.

सातवी पायरी: तक्रार

बिल चुकलं, वेग मिळत नाही, अनामत अडकली, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तो नंबर नसेल तर पुढचं काहीच होत नाही. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत आणि निर्णय ३९ दिवसांत यायला हवा. 'ट्राय' वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाचं शुल्क नाही.

आणि सवलत मागायची असेल तर

नसलेली योजना मागून घेता येते. 'ट्राय'ने ३१ ऑगस्ट २०२१च्या शिफारशींत म्हटलं होतं, की ग्रामीण भागातल्या घरगुती ब्रॉडबँड ग्राहकांना मासिक शुल्काच्या निम्मी, जास्तीत जास्त २०० रुपये, रक्कम थेट खात्यात द्यावी आणि त्याचा प्रायोगिक प्रकल्प करावा. शहरातल्या वस्त्या त्यात नव्हत्या. केरळने ५ जून २०२३ला के-फॉन हे राज्याचं स्वतःचं इंटरनेट जाळं सुरू केलं आणि पहिल्या टप्प्यात दारिद्र्यरेषेखालच्या १४,००० कुटुंबांना, प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या १०० घरांना, मोफत इंटरनेट देण्याचं ठरवलं. एका राज्याने हे करायला घेतलं आहे, तेव्हा पुण्याच्या आमदारांपुढे हा विषय मांडायला आपल्याकडे उदाहरण आहे.

माहिती अधिकारात विचारायचं असेल तर अर्ज दूरसंचार विभागाकडे rtionline.gov.in वरून जातो. शुल्क १० रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही नाही. प्रश्न असे लिहा (त्यातला डिजिटल भारत निधी म्हणजे दूरसंचार सेवा सगळ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठीचा केंद्राचा निधी): "ट्रायच्या ३१ ऑगस्ट २०२१च्या ब्रॉडबँडविषयक शिफारशींमधील थेट लाभ हस्तांतरणाच्या शिफारशीवर विभागाने कोणता निर्णय घेतला? त्या निर्णयाची प्रत द्यावी. शहरी झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी डिजिटल भारत निधीतून ब्रॉडबँडच्या मासिक शुल्कासाठी कोणतीही तरतूद आहे काय? असल्यास तपशील द्यावा." अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलासाठी तोच लागतो.